सोबतीचा रकाना

झोम्बाच्या पुरुष वॉर्डात रात्रपाळीला आम्ही दोघी.
खाटा अठ्ठेचाळीस,
आणि खाटांमधल्या फरशीवर चटया टाकून
निजलेली आणखी माणसं, बिनपगारी.
कूस बदलतात, भांडं देतात,
सलाइन संपत आलं की
मला हाक मारायच्या आधी स्वतःच चिमटा आवळतात.

कागदावर एक रकाना आहे : सोबत कोण?
बायको. धाकटा भाऊ. मुलगी.
चौदा नंबरपुढे मी रेघ ओढली.
मोझांबिककडचा ट्रकवाला, फानुएल,
छातीत पाणी, अंगात ताप,
बोलायचा ते निम्मं कुणाला कळायचं नाही.

रेघेची माणसं मला पाठ आहेत.
गोळी उशीखाली राहते, पेज गार होते,
पाठीची जखम वास सुटल्यावर कळते.
हे मला कुणी शिकवलं नाही,
चादरी बदलता बदलता समजलं.

तेराला एनिफाचा नवरा. पोट घागरीएवढं.
ती पहाटे मागच्या आवारात चुलीवर न्सिमा घोटायची,
आणि धुराने लाल झालेले डोळे घेऊन यायची.
तिसऱ्या दिवशी थाळीतल्या गोळ्यावर
तिने बोटाने मधोमध रेघ ओढली.
अर्धा चौदाचा.
त्याने तोंड फिरवलं.
"खा, नाहीतर कुत्र्याला घालते."
चिचेवा त्याला येत नव्हती,
दटावणी आली.

शुक्रवारी तिचा नवरा गेला.
रात्ररात्र पाय चेपले होते तिने,
ओल्या बोळ्याने ओठ भिजवले होते.
मी पडदा ओढला, वेळ लिहिली,
आणि का ते डॉक्टर चिसालेंना विचारलं नाही.

सोमवारी ती फाटकातून आत आली,
डोकं भादरलेलं.
मला वाटलं, दाखला न्यायला आली.
हातात झाकलेली थाळी.
"तेराला दुसरा माणूस आलाय," मी म्हटलं.
"दिसतंय की," म्हणाली,
आणि चौदाच्या पायथ्याशी चटई अंथरली.

पुढच्या गुरुवारी फानुएल
भिंत धरधरून संडासापर्यंत गेला,
वाटेत माझ्या बादलीला अडखळला,
आणि त्याच्या भाषेत मला काहीतरी म्हणाला.
आशीर्वाद नसावा.

त्या रात्री मी त्याचा कागद काढला.
एनिफा नळाशी भांडं घासत होती.
"नातं काय लिहू?"
राख हातभर तशीच ठेवून तिने विचार केला.
"शेजारीण लिही. तेरा नंबर."

रेघ खोडायला जागा नव्हती.
तिच्यावरूनच लिहिलं.