ओढीचा रकाना

सुट्टीत घरी, वरळी कोळीवाड्यात,
पोटमाळ्यावर लॅपटॉप उघडून मी सूत्र लिहिलं.
प्रोंग्सचा दिवा मागे पडला ती वेळ,
वेग बारा नॉट, दिशा दोनशे पंचेचाळीस,
तास चोवीस.
एंटर.

जहाज मेहसाण्यात.
जिऱ्याच्या शेतात, नांगरासकट.

अंशांचे रेडियन करायचे राहिले होते.
कोसाइन उलटून विचारत नाही,
दिलेलं मुकाट घेतो
आणि सरळ उत्तरेला चालू लागतो.

मागे जोमामामा जाळ्याची सुई भरत बसलेला.
एकतीस वर्षं तांडेल,
गुडघे गेले तेव्हापासून किनाऱ्यावर.
त्याला वाटलं, पोरगी पगाराचा हिशेब मांडतेय.
म्हटलं, अदमास आहे हा मामा.
आपण अमुक जागी आहोत असं आधी धरायचं,
मग ताऱ्याची उंची घ्यायची
आणि धरलेलं किती चुकलं ते मोजायचं.
"तारा नाय भेटला तं?"
तर धरलेलंच खरं.

चष्मा काढून, परत लावून
त्याने एकेक रकाना पाहिला,
बाजारात पापलेटचे कल्ले उघडून बघतात तसा.
"पान्याची वढ कुठं घातलीस गो?"

घातली नव्हती.
माझ्या तक्त्यात समुद्र
फरशीसारखा पडला होता.

किती घालू, विचारलं.
त्याने हात पुढे केला, बोटं सैल सोडली,
जणू माळ्यावरच पाणी भरलंय.
"दिवाली सरली का वरती खेचतं.
फार नाय. माझ्या गुडघ्यांनी चालंल तेवढं."
मी लिहिलं: उत्तर, अर्धा नॉट.
वर नाव टाकलं, त्याच्याच उच्चाराने: वढ.

डिसेंबरात, बंदर सोडल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी
क्षितिज अजून दिसतंय तेवढ्या वीस मिनिटांत
अभिजित, ब्रह्महृदय, आणि दक्षिणेला एकटा मीनास्य.
तीन रेघा. मधे नखाएवढा त्रिकोण.
तक्त्यातल्या जागेपासून दोन मैल.

जहाजाच्या फोनवरून मामाला कळवलं.
आवाज दोन सेकंद उशिरा पोचतो,
त्यामुळे तो आधी गप्प वाटला.
"दोन मैल म्हंजे आपल्या दारातून माहीम.
तेवढ्यात जालं कुनाचं न् मासा कुनाचा,
डोकी फुटतात."

तिसरा अधिकारी, सेबूचा पोरगा, विचारतो
हा एक रकाना कुठल्या भाषेत आहे?
सांगते काहीतरी.
मग नवी जागा पहिल्या ओळीत भरते,
सूत्राचा कोपरा बोटाने धरते
आणि उद्या संध्याकाळपर्यंत
खाली ओढत नेते.