टोक

सिव्हिल लाइन्सला, कर्नल आंबुलकरांच्या बैठकीत
खोक्यातून जपानी सरदार निघाला
तेव्हा त्याच्या अंगात कोणी नव्हतं.
लोखंडाच्या पट्ट्या, वर काळी लाख,
आणि त्यांना एकमेकींना धरून ठेवणारा रेशमी गोफ,
जागोजागी भुरभुरलेला.

“तीनशे स्वार होते हाताखाली,” कर्नल म्हणाले.
असतील जी, म्हटलं.
माझ्या हाताखाली दोन माग होते, गोळीबार चौकात.

मे महिना. कूलरची खस थपथपत होती.
मी खालून वर एकेक गाठ सोडत गेलो.
गाठ बोलते, हे कोष्ट्याला शिकवावं लागत नाही.

उजव्या काखेतला गोफ पार झिजलेला,
मनगटाचा मात्र कोरा:
म्हणजे हा मारत नव्हता फारसा,
हात वर करायचा,
आणि बाकीचे मरायला धावायचे.

कमरेपाशी गोफ दोनदा वाढवलेला. चाळिशी.
मग एकदा करकचून आवळलेला.
वेढ्यात दाणे संपले असतील.

डाव्या खांद्याला बाणाचं भोक.
तिथली सांधणी दुसऱ्याच कोणाची,
घाईची, डावखुऱ्या हाताची.
पुढे कारागीर मिळाले असतील त्याला,
पण ती त्यानं कधी उसवू दिली नाही.

शेवटी शिरस्त्राण.
कर्नल म्हणाले, अखेरच्या लढाईआधी
आतून उदाची धुरी देत,
मुंडकं शत्रूच्या हाती गेलं तर
वास चांगला यावा म्हणून.
मी नाक आत घातलं.
मला खसच आली.

हनुवटीखालची दोरी पाहिली.
गाठ मारून दोन्ही टोकं
गाठीला लागूनच कापलेली.
सोडायला काही ठेवलंच नव्हतं.
मग हे डोक्यावरून निघालं कसं,
ते मी विचारलं नाही.

दुसरा माग भंगारात दिला त्या दिवशी
फणी मात्र काढून घेतली होती मी,
वीतभर ताण्यासकट.
पुढचा ताणा सांधायला टोक लागतं.
पुढचा येणार नव्हता, ठाऊक होतं.
तरी अजून खिळ्याला टांगलीय.

“ती दोरी नवी लावा,” कर्नल म्हणाले,
“लांब. खाली छान गोंडा सोडा.
दोन हजार वरून देतो.”

बारा दिवसांत बाकी सगळं विणून दिलं.
दोरी तशीच ठेवली.
रंग जुळत नाही जी, म्हटलं.

जुळत होता.
पिशवीतच होता.