आधी कान

भिडू तळजईच्या पहिल्याच वळणावर बसला
आणि बसूनच राहिला.
मोर ओरडला, तरी कान हलला नाही.

"पोळ्या कमी घाला," गोगटेकाका म्हणाले,
कुणी न विचारता.
लिफ्टमध्ये कुणीतरी म्हणालं, वय झालं.
सहा वर्षांचं कसलं वय?
मीही म्हणाले होते एकदा, पट्टा ओढत:
आळशी मेला.

डॉक्टर नाईकनवरे घाई करत नाहीत.
आधी शेपटी हातात घेतली त्यांनी,
केस झडून उंदराची झालेली;
मग दोन्ही कुशी.
डावीकडं जेवढं टक्कल तेवढंच उजवीकडं,
जणू कुणी टेप लावून भादरलंय.
खाजवतो? नाही.
ऊन शोधतो? हो, ऑक्टोबरच्या भर दुपारीसुद्धा.
चेहरा असा उतरलेला कधीपासून?

ते मला सांगता आलं नाही.
रोज तर बघते.

रिपोर्ट आला. टी-फोर कमी.
गोळीचं नाव लिहायला मी पेन काढलं.
"थांबा," त्या म्हणाल्या,
"कानात पू आहे, त्याची औषधं चालू आहेत.
दुसरं दुखणं असलं तरी हा आकडा खाली येतो,
घरात कुणी आजारी असलं की
दिवे लवकर मालवतात ना, तसा.
आधी कान. मग सहा आठवडे.
मग पुन्हा रक्त, टीएसएचसकट."

सहा आठवडे मी कान धुतले.
तो माझ्या चपलांवर हनुवटी ठेवून झोपला.
सहकारनगरात स्वेटर निघाले,
मी माझी जुनी शाल त्याला दिली.

दुसऱ्या कागदावर टी-फोर तळाशी
आणि टीएसएच पार वर.
"मेंदू हाका मारमारून दमलाय," डॉक्टर म्हणाल्या,
"गळ्यातली ग्रंथी उठतच नाही. आता लिहा."

सकाळ-संध्याकाळ, उपाशीपोटी.
पोळीत लपवायची नाही.
पहिला पंधरवडा काहीच नाही.
मी डॉक्टरांना दोनदा फोन केला,
दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, बरं.

परवा कौसल्याताई कचऱ्याची बादली घ्यायला आल्या
आणि आतून एक घोगरं भुंकणं आलं,
एकच,
गंजलेली कडी ओढावी तसं.
"अगोबाई! आहे होय हा अजून?"
बादली तशीच धरून त्या दारात थांबल्या,
दुसऱ्याची वाट बघत.
मीही.

पुढची तपासणी बारा तारखेला,
गोळीनंतर पाच तासांनी.
गोगटेकाकांना पोळ्यांचं अजून सांगितलेलं नाही.