विंचवाचं बी

माप घ्यायला मला कुणी शिकवू नये.
चाळीस वर्षं झाली, सुभाषनगरात
गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून घेतो, पेन्सिल फिरवतो,
माणूस किती चालून आलाय ते तिथंच कळतं.

तरी सिस्टर म्हणाल्या, हे बघा रंगराव,
चकतीला भोक स्टोमाएवढंच पाडायचं.
मोठं पडलं तर कातडी सोलते, लहान पडलं तर रुततं.
मी म्हटलं, बाई,
चपलेचा अंगठा तरी दुसरं काय असतो?

बोलायला बोललो.
पण पहिले अकरा दिवस खाली बघितलं नव्हतं.
बेंबीच्या डावीकडं, चार बोटांवर,
माझंच आतडं बाहेर येऊन बसलेलं,
ओठाच्या आतल्या बाजूसारखं लाल, ओलं.
हौसानं आधी बघितलं.
म्हणाली, काय न्हाई, डाळिंबाचं फूल हाय.
खोटं बोलताना ती नेहमी पदर सरळ करते.
तेव्हा केला नाही.

एका रात्री तीनला पिशवी सुटली.
तिनं दिवा लावला नाही.
अंधारातच चादर ओढली, पाणी तापवलं, मला पुसलं,
म्हणाली, बरं झालं, जुनीच चादर होती.
मी भिंतीकडं तोंड करून रडलो.
तिला ऐकू आलं असणार.
तिनं चहा टाकला.
रात्री तीन वाजता, आलं घालून.

आमच्या चपलेला आवाज असतो.
ज्याला कर्रकर्र पाहिजे
त्याच्या तळव्यात, दोन थरांच्या मधे,
मी विंचवाचं बी घालतो.
माणूस वळणावर असतो, चप्पल घरात पोचलेली असते.

तर थोरल्याच्या पोराचं बारसं.
पाळणा सजलेला, बायका दाटीनं उभ्या,
आत्यानं वाकून बाळाच्या कानात केलं, कुर्र...
आणि नेमकं तेव्हाच, भर शांततेत,
माझ्या पोटानं.
घाम फुटला मला. हात आपोआप सदऱ्यावर.
मनात म्हटलं, रंग्या, आता बाहेर पड, मागच्या दारानं.
सहा वर्षांची तेजल ओरडली,
आजोबांच्या पोटानंपण कुर्र केलं!
आणि मग सगळ्यांना सांगत सुटली,
डॉक्टरनी आजोबांच्या पोटात बी घातलंय.
हौसा इतकी हसली
की पाळण्याची दोरी तिच्या हातातून सुटली.
बाळ रडलं. मग मीपण हसलो,
पिशवीवर हात ठेवूनच.

तांबडा रस्सा आता बोटानं चाखतो, पांढरा वाटीनं पितो.
पहाटे उठून आधी पिशवी बघायची, मग देव.
देव रागावला असेल तर असू दे.

दस्तगीर माझा तालमीतला.
एकेकाळी त्यानं मला उचलून आपटलंय,
ते तो अजून चारचौघांत सांगतो.
रंकाळ्यावर फिरायला जातो आम्ही.
परवा त्यानं स्कूटरची डिकी उघडली रुमालासाठी.
आत पंक्चरचं सामान, पाना, चिंध्या,
आणि प्लॅस्टिकमधे नीट गुंडाळून
माझी एक पिशवी, एक चकती.
मी बघतच राहिलो.
तो म्हणाला, बघतोस काय? स्टेपनी नको?
येताना गंगावेशीत कट्ट्यावर थांबलो.
म्हैस समोर, दूध फेसाळलेलं.
त्यानं दोन पेले संपवले. मी अर्धा,
उरलेला त्यानंच ओढून घेतला,
काही न बोलता.

काल सिस्टरनी एका पोराला माझ्याकडं धाडला.
गारगोटीचा, शिरोलीला फौंड्रीत कामाला, तिशीसुद्धा नाही.
बायको बाहेर रिक्षात बसलेली, त्यानं आत येऊ दिलं नव्हतं.
मी कात्री दिली, चकती दिली,
आधी कागदावर गोल काढ म्हटलं.
तो खाली बघेना.
मी त्याच्या पायांकडं बघितलं.
नऊ नंबर. डावा जरा मोठा.
म्हटलं, तुला एक जोड शिवतो.
आवाजाचा पाहिजे का बिनआवाजाचा?

बराच वेळ गेला.
बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.
मग तो म्हणाला, हळूच,
आवाजाचा.