ओली आहे तोवर

लाल सोपा आहे.
इथं सिरिगुच्या वाटांवर तो पायाखालीच असतो,
टाचांच्या भेगांत बसून घरात येतो.
खडे वेचायचे, पाट्यावर दगड फिरवत राहायचं
खांदा भरून येईस्तोवर,
मग चिमूटभर दातांखाली धरायचं.
कचकच वाजलं, तर अजून नाही.

पांढऱ्यासाठी टेकडीपलीकडं जावं लागतं.
साबणासारखा दगड, नखानं ओरखडला तरी पीठ देतो.
यंदा अयाम्गाच्या सायकलवरून दोन टोपल्या आल्या,
बदल्यात एक कोंबडी,
तीही अंड्यावरची.
अजून डाचतं मला.

काळा मात्र अतिपोकाकडं.
कुठल्या ओढ्यातून उचलते, सांगत नाही.
सात वर्षं झाली मला या घरात,
तिच्याच नवऱ्याच्या दारात, तिच्या मागून.
कणगीतल्या बाजरीवरून एकदा जे बिनसलं
ते बिनसलंच.
तेव्हापासून बोलणं पोरांकरवी:
‘तुझ्या धाकट्या आईला सांग, शेळी सुटलीय.’
‘सांग तिला, मला दिसतंय.’

नवरा कुमासीला, ट्रक धुतो.
भिंत आमची दोघींची.

माती, शेण कालवून पहाटे सारवून काढली.
दावादावाच्या शेंगा रात्रभर उकळून
तळाशी उरला दाट, कडवट काढा,
सगळ्यात शेवटी शिंपडायचा,
रंग धरून ठेवणारा.
आणि उत्तरेचा कोरडा वारा सुटला,
ओठ फाडणारा,
भिंतीतलं पाणी डोळ्यांदेखत पिणारा.

रंग ओल्यातच घोटावा लागतो.
वाळल्यावर घोटला तर पापुद्रा सुटतो,
वर्षभर भिंत कोड फुटल्यासारखी दिसते.
एकीनं काढायचं, दुसरीनं मागोमाग गोटा फिरवायचा.
एकटीच्या हातांचं काम नव्हे हे,
दोघींनाही ठाऊक होतं.

ती आली. फुटक्या तुंब्यात काळा,
कानामागं गिनी कोंबडीचं पीस.
दारावर अजगर काढायचा होता, राखणदार.
तिनं शेपटीकडून धरला, मी डोक्याकडून,
वारा मागं लागलेला, पोरं पाण्याला धावतायत,
आणि मधे जिथं आम्ही भेटलो
तिथं रेषा जुळेनात.
अजगराचं पोट हे एवढं फुगलेलं.

मी गोटा हातात धरून उभी.
ती दोन पावलं मागं सरली, मान वाकडी करून बघत राहिली.
‘काहीतरी गिळलंय त्यानं,’
म्हणाली. मला. थेट.
‘माझी कोंबडी,’ मी म्हटलं.

हसली की खोकली, कळलं नाही.
धूळ फार होती.
‘घास इथं. अजून. ओली आहे तोवर.’

संध्याकाळी गवताच्या कुंच्यानं काढा शिंपडला,
लाल एकदम खोल गेला, विझत्या निखाऱ्यासारखा.
काळा कुठून येतो, मी विचारलं नाही.
हात धुवून ती आपल्या अंगणात, मी माझ्या.

चुलीशी बसले तर धाकटा असाकी आला,
एका पायावर उभा राहून घोकलेलं म्हणाला:
‘थोरली आई म्हणते, तुझ्या गालाला काळं लागलंय. पूस.’

सांग तिला, म्हटलं,
उद्या पुसते.