अकरावा सेकंद

कसबा बावड्याच्या शाळेत मागच्या बाकावर
स्टॉपवॉच घेऊन बसते मी.
प्रश्न टाकल्यावर बाई किती थांबतात,
एवढंच माझं संशोधन.
सरासरी दीड सेकंद.

"गुळाचा रवा दहा किलोचा,
तर क्विंटलला रवे किती?
संयोगिता चौगुले, बोल!"
ती खिडकीबाहेर.
बाई पुढच्या बाकाकडे गेल्या, "दहा" आलं, शाब्बासकी झाली.
मी 'उत्तर नाही'वर खूण केली.

अकराव्या सेकंदाला ती पुटपुटली,
कुणाला नाही, वहीला :
"गरम असताना मोजलेत, का गार झाल्यावर?"
तिचे वडील गुऱ्हाळावर गुळव्या.
माझ्या तक्त्यात याला रकाना नव्हता.

संध्याकाळी बी.एड.च्या वर्गात
तास संपवताना विचारलं,
"कुणाला काही शंका?"
आणि डस्टर उचलून
फळ्याकडे वळले.