बसू नये

दालन क्रमांक सात. माझी ड्यूटी दहा ते सहा.
समोर दोरीपलीकडे एक खुर्ची
आणि तिच्यापुढे चार भाषांत एकच वाक्य : बसू नये.
आठ तास आम्ही एकमेकांकडे बघतो,
ती रिकामी, मी अवघडलेला.

भिंतीवरच्या पाटीवर साडेचार ओळी.
डेल्फिना मोरगांतिन, चित्रकार, डिझायनर.
जन्म किओज्जा, मृत्यू किओज्जा,
मधलं सगळं दोन सालांमधल्या आडव्या रेघेत.
मीही किओज्जाचा. म्हणून पाटीपेक्षा थोडं जास्त ठाऊक,
तेही ऐकीव, मासळीच्या टोपल्यांशी उभ्याउभ्या ऐकलेलं.

तिचा बाप शिडं रंगवायचा.
धक्क्यावर कापड अंथरून, खारं पाणी शिंपडून
स्पंजानं गेरू चोपडायचा, पिवळी माती चोपडायचा.
प्रत्येक घराण्याचं निशाण वेगळं :
कुणाचा कोंबडा, कुणाचा अर्धा सूर्य,
आमची काळ्या वर्तुळात कात्री,
का, ते आमच्यात कुणालाच सांगता येत नाही.
किनाऱ्यावरच्या बायका
आधी रंग ओळखायच्या, मग माणूस.
ही पोर बापाच्या हाताखाली शिकली
की चित्र लांबून वाचता आलं पाहिजे
आणि भिजलं तरी टिकलं पाहिजे.
बाकीचं मिलानोच्या अकादमीत शिकवलं म्हणतात.
बाकी काय उरलं होतं?

मिलानोत तिनं व्हर्मुथची पोस्टरं केली,
बिस्किटांचे डबे,
छत्र्यांच्या एका कंपनीचं बोधचिन्ह (कंपनी बुडाली).
पैसे वेळेवर येत. कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून उभे.
मग सरकारचं काम आलं.
त्या वर्षांत नाही म्हणणारे होते.
ती त्यांच्यात नव्हती.
वर बघणारा एक पोरगा, मागे आभाळ, खाली एका शब्दाची हाक.
चेहरा धाकट्या भावाचा, आम्पेलिओचा.
मॉडेलवर पैसे कशाला, हा आयता होता, हसराही.
तो चेहरा शाळांवर लागला, स्टेशनांवर लागला,
आणि एके सकाळी त्या चेहऱ्याचा मालक
स्वतःच्याच पोस्टरखालून गाडीत चढला.
डॉन नदीच्या बर्फातून परतलेल्यांच्या यादीत
'म'ची नावं तिनं तीनदा वाचली.

पाटीवर हे नाही.
पाटीवर आहे : युद्धानंतर त्यांची कला वस्तूंकडे वळली.
वळली! जसा काही बेकरीपाशी रस्ता वळतो.

तिनं पुन्हा चेहरा काढला नाही.
नळाची चावी काढली. लिफ्टचं बटण. दवाखान्यातला पेला,
आजाऱ्याला मान न उचलता पिता येईल असा.
आणि ही खुर्ची, रेल्वेच्या प्रतीक्षागृहांसाठी,
पाठ जरा जास्तच मागे झुकलेली,
गाडीला उशीर होणार हे धरून चालणारी.
बारा हजार निघाल्या म्हणे.
मोडल्या, शेकोटीत गेल्या, कुणाच्या खुराड्याला दार झाल्या.
ही एक उरली आणि नेमकी हिच्यावर बसायची सोय राहिली नाही.

म्हातारपणी ती गावी आली. तोवर होड्यांना डिझेल इंजिनं.
माझ्या मावशीनं तिला पाहिलंय :
धक्क्यावर, रबरी बुटांत, गुडघे टेकून,
कुणीही न मागितलेलं एक शीड अंथरून.
निशाण कसलं होतं? मी विचारलं.
कसलंच नाही, मावशी म्हणाली.
नुसता गेरू, या कडेपासून त्या कडेपर्यंत.
दमली की माशांच्या पालथ्या खोक्यावर बसायची
आणि कुणी बोलायला आलं तर स्पंज पिळत राहायची.

काल बंद व्हायच्या वेळी एक बाई आल्या, काठी टेकत.
खुर्चीसमोर थांबल्या. पाटी वाचली नाही.
"हिच्यावर मी वेरोनाला अख्खी रात्र काढलीय," म्हणाल्या,
"सातवा महिना होता. गाडी आलीच नाही."
मी कॅमेऱ्याकडे पाहिलं.
माझ्या पेन्शनला अजून सहा वर्षं आहेत.
दोरी हलकी असते, एका हातानं निघते.

बाई बसल्या. लाकूड थोडं कुरकुरलं, मग गप्प झालं.
त्यांनी डोळे मिटले, मी घड्याळ बघत राहिलो.
"तेव्हाही," त्या म्हणाल्या,
"पाय टेकत नव्हते माझे."